शेजारच्या जांभळाची छाटणी : प्रकल्प नोंदी

2 फेब्रुवारी 2025

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या मशीन शॉपमध्ये प्रत्येक कामाला जॉब कार्ड असतं. काय आलं, काय मोजलं, कुणी काय सांगितलं, पुढं काय करायचं, सगळं त्यावर. घरच्या कामांना असलं काही नसतं, म्हणून ती वर्षानुवर्षं लोंबकळत राहतात. या कामाला वही घातली.

काम असं. राजारामपुरीतलं आमचं घर आणि तात्या-काकींचं घर यांच्यामध्ये पाच फुटी भिंत आहे. भिंतीपलीकडं तात्यांचं जांभूळ. त्यांच्या वडिलांनी लावलेलं. त्याच्या तीन मोठ्या फांद्या भिंत ओलांडून आमच्याकडं आल्यात. एक स्लॅबवर, एक मागच्या शेडच्या सिमेंट पत्र्यांवर आणि एक विजेच्या सर्व्हिस वायरच्या अगदी वरनं. स्लॅबवरचा पाला पाइपच्या तोंडाशी साठतो, पावसाळ्यात पाणी तुंबतं आणि जिन्याच्या भिंतीला ओल येते. मे-जूनमध्ये जांभळं पडून स्लॅब रंगतो. वाळत घातलेल्या कपड्यावर डाग पडला तर तो कपडा पोछ्याला.

हे सगळं चालवून घेता आलं असतं. प्रश्न शेडचा आहे. तिथं माझं जुनं लेथ मशीन आणि ड्रिल आहे, रविवारी मी त्याखाली बसलेला असतो, आणि त्याच पत्र्यांवर सगळ्यात जाड फांदी आहे.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "काकीकडनं दरसाली जांभळाची पाटी येती. ती बंद झाली की मग कळंल."

9 फेब्रुवारी

बोलायला जायच्या आधी आकडे हातात हवेत. गवंड्याकडनं ओळंबा आणला. शिडी लावून प्रत्येक फांदीवरनं ओळंबा सोडला, तो भिंतीच्या मधोमध येईपर्यंत दोरी सरकवली आणि तिथं फांदीवर खडूनं खूण केली. म्हणजे जमिनीवरची हद्द हवेत कुठं येते ते दिसलं. सुतळीनं परीघ घेतला, 3.14 नं भागला.

फांद्यांना नावं दिली. 'क' स्लॅबवरची : जाडी 12 सेंटिमीटर, हिरवीगार, आमच्या बाजूला साडेतीन मीटर. 'ख' शेडवरची : परीघ 50, म्हणजे जाडी 16, आमच्या बाजूला पाच मीटर. 'ग' वायरवरची : जाडी 9. हिची साल सुटलीय, टोकाला पान नाही, नखानं खरवडलं तर आत हिरवं काही नाही. ही मेलेली.

'ख'चं वजन काढलं. फांदी शंकूच्या आकाराची धरली आणि ओलं लाकूड पाण्याइतकं जड धरलं, तर नुसता मधला दांडा 33 किलोच्या आसपास जातो. उपफांद्या आणि पानं धरली तर दुप्पट म्हणायला हरकत नाही. भिजलेल्या पानांचं पाणी वेगळंच. सिमेंटचा पत्रा असला तडाखा झेलत नाही. तो वाकत नाही, थेट फुटतो.

आणखी एक टिपण. खडूच्या खुणेपासून खोडाकडं सव्वा मीटर गेलं की 'ख'ला एक जोड आहे. तिथनं एक दणकट उपफांदी सरळ वर गेलीय. हा जोड तात्यांच्या हद्दीत.

16 फेब्रुवारी

भाचा वकिली करतो. त्याला फोन लावला. तो उत्साहानं तासभर बोलला, त्यातलं कामाचं तेवढं लिहितो.

फांद्यांच्या बाबतीत वकील मंडळी अजून एका इंग्रजी निकालाचं नाव काढतात. लेमन विरुद्ध वेब, हाउस ऑफ लॉर्ड्स, 1894. हद्दीवर आलेली फांदी शेजाऱ्याला नोटीस न देताही कापता येते. अट अशी की त्याच्या जमिनीत पाऊल टाकायचं नाही आणि हद्दीपलीकडचं लाकूड कापायचं नाही. फांदी कितीही वर्षं तशीच लोंबत असली तरी तेवढ्यानं झाडाच्या मालकाला तसा हक्क मिळत नाही. दुसरा निकाल 1919 चा, मिल्स विरुद्ध ब्रुकर. एकानं शेजाऱ्याच्या सफरचंदाची आपल्याकडं आलेली फांदी कापली आणि फळं विकली. कोर्टानं सांगितलं, फांदी कापायचा हक्क तुझा, फळं मात्र झाडाच्या मालकाची. म्हणजे आमच्या स्लॅबवर चुरगळलेली जांभळंसुद्धा कायद्यानं तात्यांची. ती त्यांनी येऊन पुसून न्यावीत असं मात्र कुठल्या निकालात नाही.

पण हे दोन शेजाऱ्यांपुरतं झालं. शहरात तिसरा पक्ष असतो. महाराष्ट्राचा 1975 चा कायदा आहे, नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणाचा. त्यात झाड 'तोडणे' म्हणजे बुंध्यावर करवत चालवणं एवढंच धरलेलं नाही. जाळणं, कापणं, कुठल्याही प्रकारे इजा करणं, सगळं त्यात येतं. म्हणून छाटणीलाही महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी काढून मोकळं व्हावं, असं भाच्याचं मत. शिवाय 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षं आणि त्यावरची झाडं 'हेरिटेज वृक्ष' ठरलीत. तात्यांच्या वडिलांनी लावलेलं म्हणजे हे जांभूळ त्यात बसायची शक्यता दाट.

"थोडक्यात," भाचा म्हणाला, "भिंतीच्या रेषेवर कापायचा हक्क तुमचाय. तो वापरायचा का, ते तुम्ही ठरवा."

23 फेब्रुवारी

तात्यांकडं गेलो. साखर कारखान्यातनं निवृत्त झालेला माणूस, वजनकाट्यावर आयुष्य गेलेलं. त्यामुळं वहीतले आकडे त्यांनी नीट ऐकून घेतले. मग म्हणाले, "फांदी तुझ्याकडं आली म्हणतोस. ती काय हौसंनं आली व्हय? पलीकडं तीन मजली उठली, उजेड अडला. झाडाला उजेड तुझ्याच अंगाला उरलाय."

हे मला दिसलं नव्हतं असं नाही, पण असं जोडून कुणी सांगितलं नव्हतं. पश्चिमेला अपार्टमेंट झाल्यापासून झाडाची त्या बाजूची पालवी विरळ होत गेलीय आणि आमच्याकडची दाट. याचा व्यवहारी अर्थ असा की आज कापली तरी झाड पुन्हा आमच्याकडंच येणार. एकदा कापून विषय संपला, असं होणार नाही.

काकी चहा घेऊन आल्या त्या थेट मुद्द्यावर. "स्लॅबवरच्या फांदीला हात लावायचा न्हाई. हाताला येणारी तेवढीच एक ऱ्हायलीय." खरंय. दर वर्षी त्या आमच्या जिन्यानं वर येतात आणि स्लॅबवर उभ्या राहून घोस काढतात. खाली अंगणातनं त्यांना एकही फांदी पोचत नाही. म्हणजे आमच्या हद्दीतली फांदी ही त्यांची, आणि आमचा स्लॅब ही त्यांची शिडी.

ठरलं ते असं. 'ग' मेलेली आहे, ती परवानगी मिळाली की लगेच. 'ख' फळं उतरल्यावर. 'क' राहणार, फक्त पाइपच्या तोंडावरच्या बारक्या डहाळ्या काढायच्या. खर्चाचं तात्यांनीच काढलं : "झाड माझं, तरास तुझा. निम्मं निम्मं."

2 मार्च

बापू येऊन झाड बघून गेले. झाडावर चढायचं काम ते तरुणपणापासून करतात. वाळक्या फांद्या, नारळ, आंब्याची उतरणी, सगळं. चेनसॉवाला दुसराही एक जण बघून गेला होता. त्यानं खालूनच बोट दाखवून भाव सांगितला आणि "भिताडाच्या वरनं सरळ रेघ मारतो" म्हणाला. बापू आधी झाडाभोवती फिरले, मग चढले, मग कोयत्याच्या पाठीनं प्रत्येक फांदी ठोकून बघितली. 'ग'चा आवाज पोकळ आला.

माझ्या खडूच्या खुणा बघून ते हसले. "मालक, ह्या खुणा तलाठ्याला दावा. झाडाला भिताड कळत न्हाई. फांदी मधनंच तोडली तर ऱ्हायलेला खुंट कुजतोय, आन् त्याच्या अंगावरनं झाडूवानी बारीक बारीक फुटवं येत्यात. दोन सालात परत तुमच्याच पत्र्यावर. जोडावर कापायची."

जोड म्हणजे तोच, सव्वा मीटर पलीकडचा.

बापूंचं बोलणं मी नंतर वाचूनही पडताळलं. फांदी कमी करायची तर ती अशा उपफांदीपाशी आणायची की जिची जाडी कापल्या जाणाऱ्या फांदीच्या निदान एक तृतीयांश असेल. तेवढी असली की ती पुढं टोकाची जागा घेते, तिच्या पानांवर तो भाग जगतो आणि जखम कडेनं बुजत येते. मधेच कापलं तर पुढं पान नाही, अन्न नाही, खुंट मरतो आणि कुज आत शिरते. 'ख'च्या जोडावरची उपफांदी 7 सेंटिमीटरची. 16 चा तिसरा हिस्सा साडेपाचच्या आत. बसतं.

म्हणजे कायदा मला जिथं कापू देतो ती जागा झाडासाठी सगळ्यात वाईट, आणि माझ्या शेडसाठीही. योग्य जागा तात्यांच्या हवेत आहे. तिथं माझा हक्क शून्य. एकोणिसाव्या शतकातल्या त्या लॉर्ड मंडळींनी रेष आखली ती जमिनीच्या दृष्टीनं बरोबरच असेल, पण त्यांच्यात बापूंसारखा कुणी नसावा.

10 मार्च

महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज दिला. अर्जदार तात्या, कारण झाड त्यांचं. बाधित म्हणून माझी सही खाली. सोबत तिन्ही फांद्यांचे फोटो, खडूच्या खुणांसकट.

26 मार्च

पाहणी झाली. आलेल्या कर्मचाऱ्यांनी जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाचा घेर मोजला. झाडाचा घेर आपल्याकडं याच उंचीवर घेतात, बुडाशी मुळांचा फुगवटा असतो म्हणून. वय किती, असं विचारल्यावर तात्यांनी "माझ्या लग्नाच्या आधीचं" असं उत्तर दिलं आणि त्यावर काकींनी साल सांगितलं. ते कागदावर गेलं.

झाडावर मोहोर सुरू झालाय. सकाळी उभं राहिलं की मधमाश्यांचा घुमारा ऐकू येतो. महाबळेश्वरचा जांभळाचा मध लोक मुद्दाम मागून घेतात, तो असल्याच मोहोराचा.

13 एप्रिल

परवानगीचं पत्र हातात आहे. बापू आज येणार होते. पण काल जोतिबाची चैत्र यात्रा झाली, ते गावच्या सासनकाठीबरोबर डोंगरावर होते. सकाळी फोनवर म्हणाले, "मालक, पाय उचलंनात. आज झाडावर चढलो तर खाली तुमालाच झेलावं लागंल." काम पुढं ढकललं. असल्या दिवशी आग्रह करू नये.

17 एप्रिल

'ग' निघाली.

वायरवरची फांदी, म्हणून आधी महावितरणच्या 1912 नंबरवर सांगून ठेवलं होतं. लाइनमन आले, पोलवरनं आमचं कनेक्शन बंद केलं आणि काम होईपर्यंत थांबले. घरातला मेन स्विच बंद करून काही होत नाही हे इथं लिहून ठेवतो, कारण पुष्कळ जण तेवढ्यावर भागवतात. सर्व्हिस वायर मीटरच्या आधीची. मेन पाडला तरी ती जिवंतच असते.

बापू पहाटेच आले. मधमाश्या उन्ह चढल्यावर जोरात येतात, त्याच्या आत उरकायचं होतं. त्यांनी फांदी आधी दोन ठिकाणी दोरानं वरच्या जाड फांदीला बांधली आणि दोराचं दुसरं टोक खोडाला एक वेढा देऊन त्यांच्या मुलाच्या हातात. वेढ्यामुळं घर्षण मिळतं, एका माणसाला वजन हळूहळू सोडता येतं. मेलेली फांदी ठिसूळ, कुठं तुटेल सांगता येत नाही, म्हणून तुकडे लहान केले. तात्या भिंतीपलीकडून प्रत्येक तुकडा मोजत होते.

वायर शाबूत. नऊच्या सुमारास वीज परत.

4 मे

'क'वर कावळ्याचं घरटं. आईच्या मते कावळ्यानं झाडाच्या मधोमध घरटं बांधलं की पाऊस चांगला, शेंड्यावर बांधलं की दुष्काळ. हे मधोमध आहे. तारांचे तुकडे, काड्या आणि आमच्याच शॉपमधली वाटावी अशी एक लांब लोखंडी चुरी त्यात विणलीय. कोकीळ पहाटेपासून त्याच झाडावर हजर, तेव्हा घरट्यात पिल्लं कुणाची निघतील देव जाणे. डहाळ्या काढायचं काम पिल्लं उडेपर्यंत बंद.

फळं हिरवी, वाटाण्याहून मोठी.

21 मे

पाऊस. वळीव म्हणावा तर थांबायला तयार नाही.

25 मे

मान्सून काल केरळात पोचला. जांभळं अजून अर्धी लाल. फळ जूनमध्ये उतरायचं, मग पावसाळा, मग थंडीत निवांत 'ख' कापायची, हा आमचा सगळा हिशोब या पावसानं मोडला.

'ख' खाली आलीय. एप्रिलमध्ये फांदीचं टोक पत्र्यापासून वीतभर वर होतं. आज मोजलं, चार बोटं. फळांचा भार आणि भिजलेली पानं. वारं आलं की एक उपफांदी पत्र्याला घासते, शेडमध्ये करकर ऐकू येते. लेथवर ताडपत्री टाकली आणि ते मागच्या भिंतीकडं सरकवून घेतलं.

27 मे

काल मुंबईतही मान्सून. बापूंना बोलावलं, चढणार नाही म्हणाले, आणि बरोबरच आहे. जांभळाची ओली साल निसरडी असते आणि बारीक फांदी इशारा न देता मोडते. जांभळं काढताना पडलेली माणसं त्यांच्याच गावात आहेत. भर पावसात एवढी मोठी जखम करणंही नको, ओल्या लाकडावर बुरशी लगेच बसते.

मग खालूनच करता येईल तेवढं केलं. तात्यांना विचारून 'ख'च्या पुढच्या भागाला जाड नायलॉन दोर लावला. दोर थेट फांदीवर आवळला तर साल कापतो, म्हणून खाली जुन्या ट्यूबचा रुंद पट्टा. तो दोर वर खोडाच्या दुबेळक्यातनं घेऊन ताणला. मग लांब काठीच्या आकडी-करवतीनं पत्र्याला लागणाऱ्या बोटाएवढ्या डहाळ्या काढल्या. भार टोकाला असतो तेव्हा तो बुडाला सगळ्यात जास्त वाकवतो. टोकाकडचं पाच किलो कमी केलं तर बुडाला ते मधल्या दहा किलोंइतकं जाणवू शकतं. फांदी परत हातभर वर गेली.

काढलेल्या डहाळ्यांवर पाटीभर जांभळं होती, निम्मी कच्ची. पाटी भिंतीवरनं तात्यांकडं दिली. 1919 चा निकाल सांगितला. तात्या म्हणाले, "मग फुटलेली शेपरेट काढून दे, कोर्टात लागतील."

15 जून

फळ संपलं. यंदा पाणचट. काकी एकदाच स्लॅबवर आल्या, अर्धी पाटी निघाली. बिया वाळवून पूड करायला घेतल्यात, तात्यांच्या साखरेसाठी. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत ना एवढं मी विचारून घेतलं.

घरट्यातनं कावळेच निघाले.

24 ऑगस्ट

झाडाचं काही नाही. दोर तपासला, पट्टा सरकलेला नाही, दोन बोटं सैल केला.

भाचा मात्र हवेत आहे. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच 18 तारखेपासून कोल्हापुरात सुरू झालं, त्यासाठी इथल्या वकिलांनी किती वर्षं घालवली ते त्याच्याकडनं पुन्हा ऐकलं. "आता तुमची फांदी हायकोर्टात न्यायची तर मुंबईची रेल्वे नको," म्हणाला. त्याला पावती दाखवली : अर्ज तात्यांचा, सही माझी.

9 नोव्हेंबर

पहिल्या परवानगीची मुदत संपली होती. पुन्हा अर्ज, पुन्हा पाहणी. या वेळी सगळ्यांना सगळं माहीत, लवकर झालं.

14 डिसेंबर

मुख्य काम. हवा कोरडी, थंडी, झाडावर मोहोर नाही, फळ नाही, घरटं रिकामं.

बापूंनी आधी जोड बघितला आणि मलाही शिडीवर बोलावून घेतलं. 'ख' आणि वर जाणारी उपफांदी यांच्यातला कोन चांगला उघडा होता. दोन्हींच्या मधे सालीचा उंचवटा वर आलेला दिसत होता, म्हणजे सांधा धडधाकट. कोन अगदी अरुंद असेल आणि साल आत दबलेली असेल, तर दोन लाकडं एकमेकांना नीट चिकटलेलीच नसतात. तसल्या सांध्याच्या भरवशावर उपफांदी ठेवण्यात अर्थ नसतो. तेव्हा फांदी मुळापासूनच काढावी लागते. आमचा सांधा तसा नव्हता, हे आमचं भाग्य.

पुढची पाच मीटर तुकड्यातुकड्यानं उतरवली, प्रत्येक तुकडा दोरावर. पत्र्यांवर जुन्या गाद्या टाकल्या होत्या, त्यांची गरज लागली नाही. शेवटचा, जोडाजवळचा काप तीन टप्प्यांत. जोडापासून फूटभर अलीकडं आधी खालून करवत लावली, एक तृतीयांश आत. मग त्याच्याही थोडं पुढं वरून. फांदी मोडून पडली ती या दोन कापांच्या मधे. खालचा काप नसता तर पडणाऱ्या वजनानं खोडापर्यंत साल सोलून नेली असती. उरलेला फूटभर खुंट हलका, तो मग हातात धरून निवांत कापायचा.

हा शेवटचा काप कुठं घ्यायचा यावर सगळं अवलंबून असतं. फांदीच्या बुडाशी सालीची गोल, सुजल्यासारखी वळी असते. करवत त्या वळीच्या जरा बाहेरून गेली पाहिजे. वळी कापून खोडाशी सपाट केली की दिसायला सुरेख, पण जखम मोठी होते आणि ती बुजवणारा भागच निघून जातो. खुंट ठेवला की तो कुजतो. मशीनवर आम्ही फेसिंग करताना सपाट पृष्ठभागालाच चांगलं काम म्हणतो. इथं तो हात आवरावा लागतो.

मग वाद झाला, मलमाचा. तात्यांनी मोरचूद आणि चुना आधीच आणून ठेवला होता, बोर्डो पेस्टसाठी. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी हे प्रमाण बागायतदार वापरतात. आम्हाला वाटीभर हवं होतं, शंभर-शंभर ग्रॅम आणि एक लिटर. माझं म्हणणं, लावू नये. अमेरिकेच्या वन खात्यातल्या ॲलेक्स शिगो यांनी असंख्य झाडं उभी चिरून दाखवलं होतं की झाड जखम भरून काढत नाही. ते तिच्याभोवती आतून भिंत घालतं आणि नवं लाकूड बाहेरून वाढवतं. वरून फासलेल्या रंग-डांबरानं कुज थांबत नाही, उलट ओल आत कोंडली जाऊ शकते. तात्या म्हणाले, "तुझ्या सायबानं सातारा-कोल्हापूरचा पाऊस बघितला हुता काय?"

यात तात्यांच्या बाजूनंही बोलता येतं. बोर्डो हे बुरशीनाशक आहे, डांबरासारखा हवाबंद थर नाही, आणि आंब्याच्या छाटणीनंतर आपल्याकडं ते सर्रास लावतात. पण डिसेंबरात कोरड्या हवेत, बरोबर जागी घेतलेल्या कापाला त्याची गरज आहे असं मला अजून वाटत नाही. झाड तात्यांचं, म्हणून लावलं. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवलं, कारण लोखंडाच्या भांड्यावर मोरचुदातलं तांबं चढतं. जमलं का ते बघायचीही तीच युक्ती. घासलेली सुरी मिनिटभर बुडवायची, पातं लालसर झालं तर चुना कमी पडलाय. आमची सुरी लाल झाली, चुना वाढवला.

डांबर मात्र कुणीच आणलं नव्हतं, हे बरं झालं.

'ख' गेल्यावर झाड जरा पश्चिमेला तोललेलं दिसतं. बापूंचा सल्ला होता की पलीकडचीही एक फांदी हलकी करावी. तात्या तयार नव्हते आणि मलाही ते पटलं नाही. त्या बाजूला आधीच पालवी कमी, आणि एका हंगामात एकूण पालवीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त काढू नये असं धरतात. 'ग' मेलेलीच होती, ती यात येत नाही. 'ख' पाचव्या हिश्श्याच्या आसपास जाते. इथंच थांबणं योग्य.

'क' जशीच्या तशी आहे. पाइपच्या तोंडावरच्या चार डहाळ्या काढल्या, तेवढंच. वकिलाच्या नजरेनं बघितलं तर साडेतीन मीटर अतिक्रमण आमच्या डोक्यावर अजून उभं आहे.

21 डिसेंबर

हिशोब पूर्ण. बापूंची मजुरी निम्मी निम्मी, मोरचूद-चुना तात्यांचा, दोर माझा.

लाकडाचा विषय तात्यांनीच काढला. फांदी कापली तरी माल मालकाचा, हे मीच शिकवलेलं. जाड तुकडे ते घेऊन गेले, बारीक जळण बापूंनी नेलं. पूर्वी विहिरीच्या तळाला जांभळाच्या लाकडाचं कडं बसवायचे, पाण्यात ते लवकर कुजत नाही म्हणून. त्याच आधारावर काकींनी एक तुकडा आमच्या पाण्याच्या टाकीत टाकायला दिला, पाणी स्वच्छ राहतं म्हणे. लाकूड पाण्यात टिकतं, एवढ्यावरनं ते पाणी शुद्ध करतं असं होत नाही. तुकडा शेडमध्ये ठेवलाय, वाळला की करवतीचा दांडा करीन.

पुढं बघायचं ते : फेब्रुवारी-मार्चमध्ये कापाच्या आजूबाजूला उभे फुटवे येतील. कोवळे असताना हातानं मोडायचे, एकदोन नीट दिशेचे ठेवायचे. ते काम तात्यांच्या बाजूनं शिडी लावूनच होतं, त्यांनी फाटकाची एक किल्ली दिलीय. उपफांदी उजेडाकडं म्हणजे आमच्याचकडं वळणार, दर थंडीत तिचं टोक बघावं लागेल.

स्लॅबच्या पाइपवर जाळी बसवायची राहिलीय. चार इंची पाइप, स्टेनलेस पत्र्याची घुमटी टोपी, 8 मिलिमीटरची भोकं. सपाट जाळीवर पान चिकटून बसतं, म्हणून घुमटी. रविवारी शॉपमधलं पंचिंग मशीन मोकळं असतं तेव्हा करून घेतो. तात्यांच्या पन्हाळीचंही तोंड मोजून आणलंय, ते तीन इंची निघालं.